‘डरेन’ : पुराव्यातून रणात गेलेले क्रियापद

नोआ वेब्स्टरचा इंग्रजी कोश १८२८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ‘डी’ या अक्षराखाली दोन जुनी क्रियापदे वेगवेगळ्या जागी नोंदवलेली आहेत. एकाचा अर्थ सिद्ध करणे, हक्क शाबीत करणे; पुढे शेरा असा की हा कायद्यातला जुना शब्द असून आता वापरात नाही. दुसऱ्याचा अर्थ लढाईची तयारी करणे, झुंजीस उभे करणे, तोही कालबाह्यच. दोन्हींच्या स्पेलिंगांत थोडासाच फरक आहे आणि उच्चार जवळपास एक आहे : ‘डरेन’.

त्याआधी, १७५५ साली, सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात लढाईच्या ‘डरेन’चे मूळ शोधायचा प्रयत्न केला होता. ज्युनियस हा आधीच्या शतकातला भाषापंडित हा शब्द ‘डेअर’ म्हणजे धाडस करणे या शब्दाशी जोडत असे. जॉन्सनला ते पटले नाही. लढाईसाठी फौजेच्या रांगा लावणे या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग आहे, त्यातून हे क्रियापद आले असावे, असा कयास त्याने मांडला. दोघांचेही अंदाज चुकले. शाबीत करणे आणि लढणे हे दोन शब्द नव्हतेच. तो एकच शब्द होता. एका अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत तो कसा गेला, हे दाखवणारे कागद आणि ग्रंथ आजही शाबूत आहेत. ते कालक्रमाने मांडले की एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्लंडच्या कायद्यात सुमारे साडेसातशे वर्षे लढाई हा पुराव्याचा एक मान्य प्रकार होता. शब्दाचा अर्थ बदलला तो या व्यवस्थेमुळे.

हिशेबापासून सुरुवात

लॅटिनमध्ये ‘रातिओ’ म्हणजे हिशेब, कारण, विचार. इंग्रजीतला ‘रीझन’ त्यातूनच आला, आणि आपल्या रेशनकार्डातले ‘रेशन’ही त्याच कुळातले. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘रातिओ’वरून ‘देरातिओनारे’ हे क्रियापद झाले : कारणे देऊन, वाद मांडून आपला दावा खरा करणे. फ्रेंचमध्ये त्याची अक्षरे झिजली आणि ‘देरेनिएर’सारखी रूपे झाली. १०६६ साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले तेव्हा न्यायाची भाषा म्हणून लॅटिन आणि फ्रेंच या दोन्ही रूपांनी हे क्रियापद त्यांच्याबरोबर आले.

ते कशासाठी वापरत, हे पेनेन्डन हीथच्या खटल्याच्या वृत्तान्तात दिसते. केंट परगण्यातल्या या माळावर साधारण १०७२च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक आणि विल्यम राजाचा सावत्र भाऊ ओडो यांच्यात जमिनींचा वाद चालला. कँटरबरीच्या मठाच्या जमिनी ओडोने बळकावल्याची तक्रार होती. सभा तीन दिवस चालली. इंग्लंडचे नॉर्मनपूर्व कायदे काय होते हे सांगायला एथेलरिक नावाचा पूर्वीचा बिशप हवा होता. तो इतका म्हातारा झाला होता की राजाच्या हुकमाने त्याला गाडीत घालून माळावर आणावे लागले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉचेस्टरच्या मठात तयार झालेल्या ‘टेक्स्टस रॉफेन्सिस’ या हस्तलिखितात हा वृत्तान्त आहे. लिहिणारे चर्चच्या बाजूचे आहेत हे ध्यानात ठेवूनच तो वाचायला हवा. पण भाषेची साक्ष त्याने बिघडत नाही. लॅनफ्रँकने जमिनी परत मिळवल्या हे सांगताना लेखकाने ‘देरातिओनारे’च्याच घराण्यातले क्रियापद घातले आहे. तिथे शस्त्र उपसलेले नाही. साक्षी झाल्या, जुनी वहिवाट सांगितली गेली, जाणत्यांनी निवाडा दिला. शब्द अजून पूर्णपणे बोलण्याच्या, पटवण्याच्या प्रांतात आहे.

लढाई त्याच काळात शेजारी येऊन उभी राहते. विल्यम राजाच्या एका फर्मानात फ्रेंच माणसाने इंग्रज माणसावर गंभीर आरोप केल्यास इंग्रजाने कोणता मार्ग घ्यावा हे सांगितले आहे : त्याने लढावे किंवा तापल्या लोखंडाचे दिव्य करावे. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीत, विशेषतः नॉर्फोकच्या नोंदींत, ही अमुक जमीन माझ्या धन्याची आहे, ते मी लढून किंवा दिव्य करून सिद्ध करायला तयार आहे, असे म्हणणारी माणसे भेटतात. लढाई, दिव्य, शपथ आणि साक्ष ही सगळी शाबितीची साधने एकाच रांगेत बसलेली आहेत.

साक्षीदाराच्या हाती सोटा

या रांगेचे तर्कशास्त्र सर्वांत स्वच्छ दिसते ते ग्लॅनव्हिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात. दुसऱ्या हेन्रीच्या राजवटीच्या अखेरीस, ११८७ ते ११८९च्या सुमारास तो लिहिला गेला. ‘देरातिओनारे’ हे क्रियापद त्यात जमिनीचा हक्क शाबीत करण्यासाठी येते. त्याच ग्रंथात जमिनीचा दावा कसा मांडायचा याचा नमुना दिला आहे. दावेदार म्हणतो की ही जमीन माझ्या पूर्वजाच्या कब्जात होती, त्याने तिचे उत्पन्न घेतले, आणि हे सिद्ध करायला माझा हा स्वतंत्र माणूस तयार आहे. हा माणूस म्हणजे लढवय्या. पण कुणीही पैलवान उभा करून चालत नसे. त्याने ती वहिवाट स्वतः पाहिलेली असावी, किंवा त्याच्या बापाने पाहिलेली असावी आणि मरताना मुलाला बजावलेले असावे की कधी या जमिनीचा वाद निघाला तर माझ्या वतीने सांग.

म्हणजे कायद्याच्या नजरेत लढवय्या हा आधी साक्षीदार होता. दावेदाराला जमिनीच्या वादात स्वतः लढायची मुभा नव्हती, ती याच कारणाने : स्वतःच्या दाव्यात आपणच साक्षीदार कसे होणार? साक्षीदाराने शपथेवर सांगितले, समोरच्याने ते नाकारले, आणि मग दोघांनी आपापल्या शब्दाची शाबिती अंगावर घेतली. देव खोट्याला जिंकू देणार नाही, हा त्यामागचा विश्वास. न्यायाधीशाच्या दृष्टीने सोट्याचा घाव हा जबानीचाच पुढचा भाग होता. मग दावा ‘डरेन’ करणे आणि त्यासाठी लढणे यांत फरक किती उरला? शब्द एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरला तो याच जागी.

ही व्यवस्था डोळसपणे पाहणारे त्या काळातही होते. ११७९च्या सुमारास हेन्रीने ‘ग्रँड असाइज’ सुरू केली. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला लढाई नाकारून बारा सरदारांचा निवाडा मागता येऊ लागला. ग्लॅनव्हिलचा ग्रंथ या सुधारणेचे मनापासून कौतुक करतो आणि कारणे देतो : अवेळी येणारे मरण टळते, आणि लढाईत एकाच माणसाची साक्ष पणाला लागते, तर इथे बारा जणांची. शब्दाच्या इतिहासात हे फार मोलाचे आहे. लढाईला पर्याय शोधणारा माणूसही ती साक्ष म्हणूनच मोजतो आहे.

पुढे साक्षीदार गेला आणि लढवय्या तेवढा उरला. १२१५च्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली. दिव्ये संपली, पण लढाईला पाद्र्याची गरज नव्हती, म्हणून ती टिकली. भाड्याने लढणारे लोक तयार झाले. ते कधीही न पाहिलेल्या शेतांबद्दल ‘माझ्या बापाने पाहिले’ अशी शपथ बेलाशक घेत. अखेर १२७५च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ही शपथच काढून टाकली, कारण ती घेणारा खोटा ठरला नाही असे क्वचितच घडत होते. राज्याने स्वतःच्या कायद्यात दिलेला हा कबुलीजबाब वाचताना मन थबकते. साक्ष नाहीशी झाली तरी लढाई चालूच राहिली. ‘डरेन’मधले कारण देणे आता फक्त व्युत्पत्तीत उरले.

या अवस्थेचे एक चित्रही आहे. सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३७५ साली वारलेल्या बिशप रॉबर्ट वायव्हिलच्या थडग्यावर पितळेचा मोठा पत्रा आहे. त्यावर एक किल्ला कोरला आहे. आत बिशप हात जोडून उभा आहे आणि खाली दाराशी त्याचा लढवय्या, हातात ढाल आणि शिंगांसारखी टोके असलेले शस्त्र घेऊन. किल्ला शेरबर्नचा. तो राजा स्टीफनच्या काळात, बाराव्या शतकात, बिशपांच्या हातून गेला होता आणि वायव्हिलने तो सॉल्सबरीच्या अर्लकडून परत मागितला. १३५५ साली दोन्ही बाजूंचे लढवय्ये नेमले गेले. पितळ पाहून वाटेल की दाराशी उभ्या त्या माणसाने किल्ला जिंकून दिला. त्या वर्षाच्या खटल्यांची टिपणे निराळे सांगतात. लढाईआधी न्यायाधीशांनी लढवय्यांची झडती घेतली, तेव्हा बिशपच्या माणसाच्या अंगरख्यात प्रार्थना आणि मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या सापडल्या. लढाई पुढे ढकलली गेली, आणि दरम्यान बिशपने २,५०० मार्क देऊन तडजोड केली. थडगे पराक्रम सांगते, टिपण व्यवहार सांगते. दोन्ही एकत्र वाचली की चौदाव्या शतकातली ही लढाई कोणत्या वळणावर होती ते कळते : न्यायालयात दबावाचे साधन, थडग्यावर शौर्याची खूण.

चॉसरची तीन स्थळे

नेमक्या याच काळात ‘डरेन’ इंग्रजी काव्यात ठसठशीतपणे भेटते. जेफ्री चॉसरला न्यायद्वंद्वाचे जग जवळून ठाऊक होते. १३८६ साली स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन घराण्यांत ढालीवरच्या एकाच चिन्हावरून सरदारी न्यायालयात वाद चालला, त्यात चॉसरने साक्ष दिली. ती जबानी आजही उपलब्ध आहे. द्वंद्वाने निकाल लावण्याचा अधिकार या न्यायालयालाही होता. १३९० साली राजाच्या बांधकामांचा कारभारी या नात्याने त्याने स्मिथफील्डमध्ये सरदारांच्या खेळांसाठी मंच उभारून घेतले.

त्याच्या ‘नाइट्स टेल’मध्ये पॅलामन आणि आर्साइट हे दोन मावसभाऊ एमिलीवर प्रेम करतात. कथेतली तीन स्थळे शेजारी ठेवावीत. पहिल्यात, रानात पॅलामन समोर येतो तेव्हा आर्साइट म्हणतो की तुला तिला लढाईने ‘डरेन’ करायचे असेल तर उद्या मी तुझ्यासाठी शस्त्रे आणतो. दुसऱ्यात, दुसऱ्या दिवशी आर्साइट एकट्याने दोन चिलखते घोड्यावर घालून आणतो. ती दोघांमधली लढाई ‘डरेन’ करायला पुरेशी आहेत असे कवी सांगतो. तिसऱ्यात, ड्यूक थिसियस फर्मावतो की पन्नास आठवड्यांनी दोघांनी शंभर-शंभर सरदार घेऊन यावे आणि तिला लढाईने ‘डरेन’ करावे.

पहिल्या आणि तिसऱ्या स्थळी क्रियापदाचे कर्म एमिली आहे आणि लढाई हे साधन. ही सरळसरळ जमिनीच्या दाव्याची मांडणी आहे : वाद अमुक वस्तूचा, शाबिती लढाईने. एका स्त्रीवर शेताचा कायदा लावलेला आहे. हीच एमिली पुढे डायनाच्या देवळात जाऊन आपल्याला अविवाहित राहायचे आहे अशी प्रार्थना करते. पण दाव्याच्या मालमत्तेला विचारणार कोण? चॉसरने कायद्याचा हा शब्द तिच्यासाठी योजला, त्यामुळे दोन सरदारांचे प्रेम मुळात हक्काचा खटला आहे हे उघड होते. दुसऱ्या स्थळी मात्र कर्म बदलले आहे. तिथे ‘डरेन’ करायची ती लढाईच. दावा नजरेआड गेला आणि साधन साध्याच्या जागी आले. एकाच कवीच्या एकाच कथेत, काही ओळींच्या अंतरावर, शब्द दोन्ही अर्थांवर पाय ठेवून उभा आहे. अर्थांतराचा याहून चांगला पुरावा क्वचितच हाती लागतो.

फौजेच्या रांगा

दोनशे वर्षांनी हे क्रियापद एडमंड स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मध्ये आढळते. या काव्याचा पहिला भाग १५९०चा. स्पेन्सरला जुन्या शब्दांची ओढ होती. त्याचे सरदार लढाई ‘डरेन’ करतात तेव्हा मागे दावा नसतो, न्यायाधीश नसतो. अर्थ आहे फक्त भिडणे, लढाई मांडणे. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ नाटकाच्या तिसऱ्या भागात त्याच्याही पुढची पायरी आहे. यॉर्क शहरासमोर निरोप्या धावत येतो, वॉरिक तीस हजार माणसे घेऊन येत असल्याचे सांगतो आणि सेनापतींना आपली ‘बॅटल’ ‘डरेन’ करायला सांगतो. इथे अर्थ स्पष्ट आहे : फौज मांडा, व्यूह लावा.

हा शेवटचा अर्थ आला कुठून? त्याचे उत्तर क्रियापदाच्या कर्मात आहे. त्या काळच्या इंग्रजीत ‘बॅटल’ म्हणजे लढाई, आणि ‘बॅटल’ म्हणजे रांगेत उभी केलेली फौज किंवा तिची तुकडीही. लढाई ‘डरेन’ करणे हा जुना जोडशब्द कानावर होता, क्रियापदाचा कायद्यातला अर्थ विसरला गेला होता. ऐकणाऱ्याने ‘बॅटल’चा फौज हा अर्थ घेतला की ‘डरेन’चा अर्थ आपोआप रांगा लावणे असा होतो. व्यूह रचणे या अर्थाचा ‘अरे’ हा प्रचलित शब्द उच्चारानेही जवळचा, तोही या समजाला मदत करणारा. जॉन्सन फ्रेंचमधल्या रांगांपर्यंत पोचला तो याचमुळे. त्याच्यासमोर शब्दाच्या प्रवासाचे शेवटचे टोक होते आणि त्याने त्यालाच उगम मानले.

घोटाळ्यात भर घालणारे आणखी दोन सारखे दिसणारे शब्द कायद्याच्या पुस्तकांत होते. एक ‘डॅरेन’, अर्थ शेवटचा. चर्चच्या जागेवर शेवटची नेमणूक कोणी केली हे ठरवणाऱ्या दाव्याच्या नावात तो येतो. त्याचे मूळ ‘मागचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दुसरा ‘डरेन’ मठ सोडलेल्या साधूंविषयी. त्याचा अर्थ क्रम मोडणे, संघातून बाहेर पडणे, आणि त्याचे मूळ फ्रेंचमधल्या रांग मोडण्याच्या शब्दात. हे शब्द वेगळे काढून, प्रत्येक वापराची तारीखवार अवतरणे जमवून, शाबीत करणे आणि झुंजणे हे दोन्ही अर्थ एका नोंदीखाली आणायचे काम जेम्स मरे यांच्या ऑक्सफर्डच्या कोशाने केले. त्याचा ‘डी’ आणि ‘ई’ या अक्षरांचा खंड १८९७ साली पूर्ण झाला.

शेवटचा हातमोजा

शब्द काव्यात रमला तेव्हा न्यायालयातले द्वंद्व जवळपास देखावा झाले होते. १५७१ साली केंटमधल्या शेपी बेटावरच्या हार्टी इथल्या जमिनीचा वाद या थराला गेला. सायमन लो आणि जॉन काइम यांनी टॉमस पॅरमूरवर दावा लावला आणि पॅरमूरने लढाई मागितली. १८ जून रोजी वेस्टमिन्स्टरजवळच्या टॉटहिल फील्ड्सवर २१ यार्ड लांबीरुंदीचे चौकोनी रिंगण दुहेरी कठडा घालून आखले गेले आणि न्यायाधीश तिथे जाऊन बसले. वादींचा लढवय्या हेन्री नेलर हा तलवारबाजीचा उस्ताद. तो लंडनच्या रस्त्यांतून मिरवत आला. त्याच्यापुढे तलवारीच्या टोकावर हातमोजा होता, मागून शिंगाचे टोक बसवलेला सोटा आणि कडक चामड्याची ढाल. गुडघ्याखाली पाय उघडे, डोके उघडे, कोपरापर्यंत हात उघडे. समोर पॅरमूरचा जॉर्ज थॉर्न. वादींचा पुकारा झाला आणि ते हजरच झाले नाहीत. राणीच्या मध्यस्थीने तडजोड आधीच झाली होती. हजारोंच्या गर्दीसमोर दावा गैरहजेरीत निकाली निघाला आणि एकही घाव न पडता सगळे घरी गेले.

कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला. मे १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या अर्डिंग्टन इथे मेरी अ‍ॅशफोर्ड या तरुणीचा मृतदेह पाण्याच्या डबक्यात सापडला. एब्राहम थॉर्नटन या गवंड्यावर खटला होऊन तो निर्दोष सुटला. तिच्या भावाने, विल्यमने, जुन्या कायद्याखाली पुन्हा फिर्याद केली. नोव्हेंबरमध्ये किंग्ज बेंच न्यायालयात थॉर्नटनने गुन्हा नाकबूल केला, आपले म्हणणे अंगाने लढून सिद्ध करण्याची तयारी सांगितली आणि हातमोजा जमिनीवर टाकला. एप्रिल १८१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी निकाल दिला की कायदा कसा असावा हे आमच्या हाती नाही. तो जसा आहे तसा सांगायचा, आणि त्याप्रमाणे थॉर्नटनला हा हक्क आहे. भाऊ लढाईत उतरला नाही. थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, पार्लमेंटने अशा फिर्यादी आणि जमिनीच्या दाव्यांतली लढाई, दोन्ही रद्द केली.

‘डरेन’चे सख्खे भावंड मात्र अजून जिवंत आहे. त्याच ‘रातिओ’पासून, वेगळा उपसर्ग लागून, फ्रेंचमार्गे ‘अरेन’ हे क्रियापद आले : आरोपीला न्यायालयासमोर बोलावून आरोप वाचून दाखवणे आणि त्याचे म्हणणे विचारणे. इंग्रजीत चालणाऱ्या न्यायालयांत ते आजही रोज उच्चारले जाते, कारण ज्या कामाला ते नाव आहे ते काम चालू आहे. ‘डरेन’चे काम शरीरबळावर सत्य ठरवण्याचे होते. ते काम मागे पडत गेले तसा शब्दही मागे पडला, आणि ते बंद झाले याचे कुणाही न्यायप्रेमी माणसाला समाधानच वाटेल. पण शब्द गेला म्हणून त्याचे कागद दुर्लक्षित राहू नयेत. कारणे देणे हे लढण्याला समानार्थी कसे होते, त्यासाठी किती थोड्या पायऱ्या लागतात, आणि बारा माणसांना शांतपणे विचारण्याची पद्धत रुजवायला किती शतके जातात, याची इतकी तपशीलवार नोंद एखाद्या क्रियापदाने मागे ठेवावी, हे दुर्मिळ आहे.